चुलीवरची मुडी

माझा भाऊ गोविंदा आता भात खात नाही. कोलशेतचा आगरी माणूस, अर्धा जन्म भाताच्या चिखलात गेलेला, आणि ताटात भात आला की हळूच बाजूला सारतो. हळदीत, साखरपुड्यात कोणी ना कोणी विचारतंच, काय गोविंदाशेठ, शुगर निघाली का? तो नुसता हसतो. मी शेजारी असले तर मीच सांगते, हो, निघाली. लोकांना तेवढं पुरतं. पण शुगरबिगर काही नाही त्याला. काय झालंय ते मला माहीत आहे, आणि त्याच्याबद्दल लोक काहीबाही बोलतात ते ऐकून माझं डोकं फिरतं, म्हणून सांगते.

मी कलावती, त्याची मोठी बहीण. मला तो बाय म्हणतो. मला ठाकुर्लीला दिलं. माझे मालक रेल्वेच्या पॉवर हाऊसला होते, त्यामुळे संसार सगळा क्वार्टर्समध्ये, सतरा गावच्या शेजारणींच्या संगतीत झाला, आणि माझी भाषाही त्यांच्यासारखी खिचडी झाली. माहेरी गेले की भावजय चिडवते, बाय आता शहरातली झाली. होऊ दे. तोंड मात्र माझं कोलशेतचंच आहे.

आता जिथे ते उंच टॉवर दिसतात ना, तिथे आमचं खाजण होतं. खाजण म्हणजे खाडीकाठची खारी जमीन. खाडी एका बाजूला, शेत दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये मातीचा लांबच लांब बांध. भरतीचं पाणी बांधाबाहेर अडायचं आणि आत भात व्हायचं. दर उन्हाळ्यात अख्खा गाव मिळून तो बांध भरायचा, चिखलाचे गोळे हातोहात द्यायचे. ज्याच्या घरातलं माणूस बांधावर आलं नाही त्याला वर्षभर टोमणे खावे लागायचे. आमच्या लोकांना एकच शत्रू माहीत, खालून येणारं खाडीचं पाणी, आणि त्याच्यावर एकच औषध माहीत, बांध अजून उंच कर. झाडबीड आमच्या शेतात नव्हतंच. झाड म्हणजे सावली, आणि सावलीतलं भात पिवळं पडतं, एवढाच आमचा झाडाशी संबंध.

त्या खाऱ्या जमिनीत बाजारातलं कुठलंही बी जगत नाही. जगतो तो राता. लाल, जाडा तांदूळ, शिजायला हट्टी, पण खाऱ्या पाण्यात पाय रोवून उभा राहतो. आमची आई आवडाबाई, तिला हे बी तिच्या सासूनं दिलेलं, आणि सासूला तिच्या सासूनं. बी मुडीत ठेवायचं. मुडी म्हणजे भाताच्या पेंढ्यात बी भरायचं आणि पेंढ्याच्याच दोरीनं गच्च आवळून गोल गाठोडं करायचं. ती मुडी चुलीच्या वर टांगायची. धूर लागत राहतो, कीड लागत नाही. घरात दाणा नसला, पोरं रडत असली, तरी मुडीला हात लावायचा नाही. आणि ते बी दर पावसाळ्यात पेरायलाच पाहिजे. एक पावसाळा हुकला तर पुढच्या वर्षी निम्मं उगवतं. त्याच्याही पुढच्या वर्षी नुसता भुसा. आईनं हे आम्हाला घास भरवताना शिकवलंय.

खाजण कसं गेलं ते लोकांना वाटतं तसं नाही झालं. बिल्डर आला, पैसे दाखवले आणि आम्ही विकलं, असं नाही. आधी कडेच्या दोन-चार घरांनी विकलं. मग ती घरं बांध भरायला येईनात. कशाला येतील? त्यांचं शेतच नव्हतं. बांधाचा तेवढा तुकडा उघडा राहिला आणि तिथून खाडी आत आली. एकट्यानं बांध राखता येत नाही. गोविंदानं दोन उन्हाळे बायको-पोराला घेऊन चिखल भरला, लोक रस्त्यावरून बघत जायचे. शेवटी सगळ्यांच्या शेवटी त्यानं सही केली.

घर पाडलं, आणि मागे आधीच उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये फ्लॅट मिळाला. वर अकराव्या मजल्यावर. सगळं चकाचक, गॅस, चिमणी, लिफ्ट. आई त्या स्वयंपाकघरात मुडी उराशी धरून उभी होती, टांगायची कुठे? गॅसला धूर नाही. तिनं छताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला हसू आलं नाही. त्याच वर्षी ती गेली. जायच्या आधी गोविंदाला जवळ बसवून म्हणाली, “मी मेली तरी चालंल. बी मरू देऊ नको.”

आता सांगा, अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसानं भाताचं बी जिवंत कसं ठेवायचं? पावसाळा तर दरवर्षी येतोच.

त्याचा मुलगा हर्षित, त्याची वेगळीच घाई होती. आपल्याकडे शेतजमीन फक्त शेतकऱ्यालाच घेता येते. सातबाऱ्यावरचं नाव एकदा गेलं की परत शेतकरी होता येत नाही. म्हणून आमच्या बाजूचे ज्यांचे ज्यांचे पैसे आले ते सगळे जमिनी बघायला मुरबाड, शहापूरकडे सुटले. रविवारी निम्मा गाव गाड्या घेऊन तिकडे. पण आमच्या आधी शहरातले लोक तिथे पोचले होते. रस्त्यालगतच्या सपाट जमिनी त्यांनी फार्महाऊसला धरलेल्या, आत आंब्याची कलमं आणि पोहायची टाकी. राहिलं होतं काय, तर डोंगराच्या अंगाचं, झाडीचं. मुरबाडच्या पुढे बेहेडपाडा म्हणून ठाकर आदिवासींची वस्ती आहे, तिच्या डोक्यावरचा उतार गोविंदाला मिळाला. मालक कल्याणला राहायचा, त्यानं कधी तिथे पाय ठेवला नव्हता. ऐन, किंजळ, मोह, मध्ये मध्ये साग, अशी दाट झाडी. कागदावर मात्र ती शेतजमीन होती.

मी पहिल्यांदा त्याच्याबरोबर गेलेली ते आठवतं. तो खोपटच्या डेपोतून एसटीनं यायचा, मी कल्याणला चढायची. गाडी होती घरी, पण शेतावर जायचं तर एसटीनंच, ही त्याची तऱ्हा. वर गेलो तर भर उन्हाळ्यात तिथे गार होतं. पायाखाली पाचोळ्याचा गादीसारखा थर. एक झरा होता, बोटाएवढा, पण वाहता. मी म्हटलं, अरे, किती छान आहे. तर हा झाडं बघून कपाळाला आठ्या घालून म्हणतो, बाय, सावली फार आहे.

तिथे रघू भेटला. पाड्यावरचा ठाकर, चाळिशीतला, अंगानं काटक. त्याच्या बापापासून त्या उताराच्या एका तुकड्यात ते नाचणी करायचे, मालकाला थोडी नाचणी द्यायचे. मोहाची फुलं वेचायची, कंद काढायचे, टहाळ तोडून राब भाजायचे. राब म्हणजे रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण, फांद्या रचून जाळायचं, म्हणजे माती भाजून तण मरतं आणि राखेत रोप जोरात येतं. डोंगरातले सगळे तसंच करतात. रघूला वाटलं आपली हकालपट्टी होणार. गोविंदा तसा नाही. त्यानं रघूला राखणीला ठेवलं, शेताच्या खाली त्याचं घर होतं ते तसंच राहू दिलं. नाचणीचा तुकडा मात्र भातात घेतला. मग रघूनं नाचणी कुठे करायची? तो सरकला वर, सरकारी जंगलात, आणि तिथली झाडं तोडून नवा तुकडा केला. त्याला कोण काय बोलणार, पोटाला खाणार काय तो?

असं ते झालं. टॉवरनं गोविंदाला ढकललं, गोविंदानं रघूला ढकललं, आणि रघूच्या पुढे ढकलायला झाडंच उरलेली. हे मला आता कळतंय. तेव्हा सगळे खूश होते.

झाडं तोडायला मुरबाडचा एक व्यापारी आला. साग, ऐन वखारीत गेले. बाकीचं लाकूड तिथेच मातीखाली रचून जाळलं, कोळसा केला. पोतीच्या पोती खाली उतरली. कल्याण-डोंबिवलीत कोपऱ्याकोपऱ्यावर तंदूरवाले झालेत, त्यांना कोळसा लागतोच. ठाकुर्लीला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक आहे, त्याच्या बाकड्याखाली अशी पोती असतात. मी तिथून भाजी घेऊन जाताना ती पोती बघते आणि पुढे चालते.

पहिल्या वर्षी जे पीक आलं ना, बाई बाई. राता कमरेच्या वर गेला. जंगलाची माती, कधी नांगर न लागलेली, काय देणार नाही ती? गोविंदा वेड्यासारखा बांधावरून फिरत होता. नवा तांदूळ काढला तेव्हा पहिली ओंजळ त्यानं आईच्या फोटोपुढे ठेवली आणि लहान पोरासारखा रडला. मीही रडले. बी जगलं होतं. मुडी बांधली, आणि ती टांगायची कुठे हा प्रश्नही सुटला, रघूच्या चुलीवर. रघूची बायको कांता, सावळी, कमी बोलणारी, तिनं घरातल्या सगळ्यात उंच वाशाला ती बांधली. गोविंदानं तिला सांगितलं, “कांता, हा माझ्या आईचा जीव आहे. जपशील ना?” ती म्हणाली, जपीन. तिच्या स्वतःच्या घरात तेव्हा कुलूप लावावं असं काहीच नव्हतं.

चार-पाच वर्षं अशी गेली. कांता माझ्याशी हळूहळू बोलायला लागली. मी गेले की ती नाचणीची आंबील द्यायची आणि मुडीकडे बोट दाखवायची, हाय तुमची आई, म्हणायची. मला ते फार गोड वाटायचं. एकदा मी तिच्यासाठी साडी नेली तर चार वेळा घडी उलगडून बघितली तिनं आणि ठेवून दिली, पोरीच्या लग्नात नेसेन म्हणून.

पण पीक उतरायला लागलं. सपाट जमिनीवरची माती जागची हलत नाही, उतारावरची पहिल्या जोराच्या पावसात खाली चालायला लागते. झाडांनी ती धरून ठेवलेली. झाडं गेली, मुळं कुजली, माती सुटली. जोर कमी झाला म्हणून गोविंदानं युरिया टाकला, आणि राब वाढवला. डोंगरातले लोक राबाला टहाळ तोडताना झाडाचा शेंडा राखतात, पुढच्या वर्षी परत फुटावा म्हणून. आमचा पठ्ठ्या खाडीचा. आमच्याकडे राब नव्हताच कधी, आम्ही मोड आलेलं बी सरळ चिखलात फेकायचो, त्याला रहू म्हणतात. नवं शिकलेलं माणूस जास्तच जोरात करतं. त्यानं झाडंच्या झाडं बुडापासून आडवी केली, एकदम मोठा राब भाजला. सावलीही गेली, असा दुहेरी आनंद. खालचं थकलं की थोडं वर, ते थकलं की अजून वर. वरून रघूची नाचणी खाली सरकत आली, खालून गोविंदाचं भात वर सरकत गेलं. आणि एका वर्षी मी गेले तर डोंगर सोललेला. झरा उन्हाळ्यात आटला होता, कांता डोक्यावर हंडे घेऊन लांबून पाणी आणत होती.

उन्हाळ्यात पाणी नाही, आणि पावसाळ्यात आवरत नाही. पूर्वी झाडीतून हळूहळू उतरणारं पाणी आता धाडधाड यायला लागलं, रोपं उपटून न्यायला लागलं. आता इथे माझ्या भावानं जी चूक केली ती कोलशेतचा माणूसच करू शकतो. त्याला पाण्यावर एकच औषध माहीत. त्यानं जेसीबी आणला आणि शेताच्या वरच्या अंगाला, उतारावर आडवा, खाजणाला घालतात तसा उंच मातीचा बांध घातला. चोपून चोपून, गावचे म्हातारे चोपायचे तसा. मला फोन करून म्हणाला, बाय, बांध बघायला ये, आजोबांना दाखवावा असा झालाय. खाडीचा बांध एका बाजूनं पाणी अडवतो आणि भरती ओसरली की पाणी आपलं निघून जातं. डोंगराचं पाणी कुठे ओसरतं? ते साठतच जातं. त्या पावसाळ्यात बांधामागे मोठं तळं झालं, पाड्यावरची पोरं त्यात डुंबायची. सगळ्यांना कौतुक होतं.

दुसऱ्या पावसाळ्यात जुलैमध्ये झड लागली ती थांबेना. गोविंदानं नेहमीप्रमाणे जूनमध्ये बी पेरलं होतं, आणि आमच्या रिवाजाप्रमाणे थोडं राखून ठेवलं होतं. लावणी पुरी होईपर्यंत हातचं थोडं बी ठेवायचंच, पहिलं रोप कुजलं तर दुसऱ्यांदा टाकायला. ती छोटी मुडी कांताच्या चुलीवर होती.

त्या दिवशी सकाळी कांतानं वरून दगड गडगडल्याचं ऐकलं. रघू फावडं घेऊन बांधाला वाट करून द्यायला वर धावला. तिनं दोन्ही पोरींना धरून बाहेर काढलं, पलीकडच्या टेकाडावर शाळा आहे तिथे नेऊन उभं केलं. सगळं नीट केलं तिनं. आणि मग ती परत फिरली. मोठी पोर सांगते, आईला विचारलं कुठे चाललीस, तर म्हणाली, मुडी राहिली. साडी नाही, भांडी नाही, शेळी सोडायला नाही. मुडी.

बांध फुटला आणि बांधाबरोबर अर्धा उतार खाली आला. रघू कडेला होता म्हणून वाचला. घर होतं तिथे घर राहिलं नाही.

आम्हाला कळलं तेव्हा दुपार झाली होती. रस्ते बंद, एसटी मुरबाडच्या पुढे जाईना. गोविंदा आणि मी चिखलातून चालत गेलो. माझे गुडघे गेलेत, तरी गेले. वर गेल्यावर त्यानं फक्त त्या मातीकडे बघितलं, आणि चपला काढून हातानं उकरायला लागला. लोकांनी ओढून बाजूला केला. पाऊस कोसळतच होता, माती परत परत सरकत होती. ती सापडली तिसऱ्या दिवशी. कुशीवर वळलेली, आणि पोटाशी मुडी. मी जवळ होते. पोटाशी पोर घेऊन बायका झोपतात तशी. मुडीच्या पेंढ्यातून पांढरे-हिरवे कोंब बाहेर आलेले. ओल लागून बी उगवलं होतं.

राग आला. बियाचा राग आला, आईचा राग आला, स्वर्गात बसून बघत असेल तर बघ म्हणावं. गोविंदाचा तर इतका राग आला की त्याच्या तोंडाकडे बघवेना. आणि त्याच वेळी त्याची इतकी कीव आली की मी त्याचा हात धरून उभी राहिले.

त्याच दिवशी कांताला पोचवून आल्यावर गोविंदानं ती मुडी उचलली आणि ओढ्याकडे निघाला. मोड आलेलं बी ठेवता येत नाही. चिखलात पडलं तर जगतं, नाहीतर मरतं. त्याला ते मारायचं होतं. मी आडवी गेले नाही. माझ्या मनात आलं, टाक, संपव एकदाचं. रघू दगडावर बसला होता. तो उठला, ओढ्यापाशी गेला आणि त्यानं गोविंदाच्या हातातून मुडी काढून घेतली.

“दादा,” तो म्हणाला, “हे फेकलं तर ती कशासाठी मेली ते मी पोरींना काय सांगू?”

गोविंदा तिथेच मटकन बसला. रघूला या बियाचं करायचं काय ते ठाऊक नव्हतं, राब तर भाजता येणार नव्हता, जाळायला ना फांदी ना पाला. पण डोंगरावरून आलेली ती सगळी माती खाली पसरून सपाट झाली होती, पोटरीएवढा मऊ चिखल, आमच्या खाजणासारखा. गोविंदा त्या चिखलाकडे बघत बसला. मग उठला, मुडीची दोरी सोडली आणि आजोबा टाकायचे तसं, मुठीनं, उगवलेलं बी त्या चिखलात टाकायला लागला. रहू. रघूनं त्याचं बघून दुसऱ्या बाजूनं टाकलं. तिचं घर होतं तेवढी जागा त्यांनी सोडली. मी पोरींना घेऊन कडेला उभी होते.

उशिरा पेरलेलं, पण राता हट्टी. दिवाळी उलटल्यावर लाल लोंब्या आल्या.

तेव्हापासून गोविंदानं वरचा सगळा उतार मोकळा सोडला. उरलेल्या बांधाची माती काढून टाकली. हर्षितनं आकाशपाताळ एक केलं, फार्महाऊसवाल्याला देऊया म्हणाला, गिऱ्हाईक पण घेऊन आला. गोविंदानं त्याला दारातूनच परत पाठवलं. ऐनाच्या खोडांना धुमारे फुटलेत, आता माणसाएवढे झालेत. जंगल झालं असं मी म्हणणार नाही. तसला पाचोळा पायाखाली यायला माझा जन्म पुरायचा नाही. खालच्या गाळाच्या मळीत रघू राता करतो, बियाला मोड आणून चिखलात टाकतो, राब भाजत नाही. पाड्यावर सरकारी मदतीतून त्याचं नवं घर झालं, त्यात चूल आहे.

पहिलं भात निघालं तेव्हा रघूनं आम्हाला बोलावलं होतं. जेवायला बसलो. रघूच्या मोठ्या पोरीनं सगळ्यांना लाल भात वाढला. गोविंदानं ताट कपाळाला लावलं आणि खाली ठेवलं. मग पोरीला विचारलं, भाकरी आहे का गं? तिनं बापाकडे बघितलं. रघूनं मान हलवली. तिनं नाचणीची भाकरी आणून दिली, आणि तेव्हापासून तो भात खात नाही.

जेवणं झाल्यावर रघूनं नवी मुडी बांधली आणि गोविंदापुढे धरली, घेऊन जा म्हणून. गोविंदा म्हणाला, माझ्या घरी चूल नाही. मग रघूनं ती वाशाला टांगली. दोरीची गाठ मारेपर्यंत गोविंदा त्याच्याकडे बघत होता.

“रघू, ऐक,” तो म्हणाला. “आता आग लागू दे, डोंगर खाली येऊ दे, या घरात कोणी हिच्यासाठी परत आत यायचं नाही. बी मेलं तर मेलं. एवढं एक माझं ऐक.”

रघू गाठ बघत राहिला. वळला नाही.

“मी तिला तेच सांगायचो, दादा,” तो म्हणाला. “ती म्हणायची, आपलं असतं तर सोडलं असतं. दुसऱ्याची आई हाय.”

गोविंदा बाहेर ओट्यावर जाऊन बसला. एसटीची वेळ झाली तरी उठेना, मीच त्याला हाताला धरून उठवला.